एका अद्भुतकथेचा पहिला खंड : 'द फेलोशिप ऑफ द रिंग' आणि त्याचे आरंभीचे वाचक

जॉन रोनल्ड रूएल टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या दीर्घ अद्भुतकथेचा पहिला खंड, 'द फेलोशिप ऑफ द रिंग', लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेने २९ जुलै १९५४ रोजी प्रसिद्ध केला. दुसरा खंड त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला निघाला आणि तिसरा २० ऑक्टोबर १९५५ रोजी. म्हणजे जुलै १९५४ मध्ये ज्याने हा ग्रंथ विकत घेतला त्याला कथेचा शेवट कळण्यासाठी जवळजवळ पंधरा महिने थांबावे लागले. आज तिन्ही खंड शेजारीशेजारी ठेवून वाचणाऱ्यास ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु या ग्रंथाचे प्रारंभीचे मूल्यमापन कसे झाले, त्याच्या भाषाविषयक रचनेचा केवढा भाग वाचकांच्या दृष्टीआड राहिला आणि पुढे लेखकाने आपली भूमिका कशी बदलली, या साऱ्यांचा उलगडा त्या पंधरा महिन्यांकडे पाहिल्याशिवाय होत नाही.

हा ग्रंथ त्रिखंडात्मक म्हणून लिहिलाच गेला नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 'द हॉबिट' ही टॉल्किन यांची मुलांसाठी लिहिलेली कथा २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाली. तिला लाभलेल्या यशामुळे प्रकाशकांनी पुढील कथेची मागणी केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लेखनास आरंभ झाला. मुलांची कथा म्हणून सुरू झालेले हे लेखन युद्धकाळात रेंगाळत, कधी वर्षवर्ष थांबत, १९४९ च्या सुमारास पुरे झाले तेव्हा ते हजार पानांहून मोठे झाले होते. लेखकाच्या मते ती एक अखंड कृती होती. तिचे अंतर्गत विभाग सहा, भागवताच्या परिभाषेत बोलायचे तर सहा स्कंध. त्यातील दोन-दोन स्कंध एकत्र बांधून तीन खंड करण्याचा निर्णय प्रकाशकांचा. युद्धोत्तर काळात कागद आणि छपाई महागली होती, आणि एवढा मोठा ग्रंथ एकाच बांधणीत काढल्यास त्याची किंमत कोणाला परवडणार, हा साधा व्यवहारी प्रश्न त्यामागे होता.

तत्पूर्वी हा ग्रंथ या प्रकाशनसंस्थेच्या हातून जवळजवळ गेलाच होता. 'द सिल्मरिलियन' या आपल्या पुराणकथांच्या संग्रहासह तो प्रसिद्ध व्हावा असा टॉल्किन यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी कॉलिन्स या दुसऱ्या संस्थेशी बोलणी चालविली. ती १९५२ मध्ये फिसकटल्यावर ते पुन्हा जुन्या प्रकाशकांकडे आले. संस्थेचे प्रमुख सर स्टॅन्ली अन्विन यांचे पुत्र रेनर अन्विन यांनी वयाच्या दहाव्या वर्षी 'द हॉबिट'च्या हस्तलिखितावर वडिलांना अभिप्राय लिहून दिला होता व त्याबद्दल एक शिलिंग मिळविला होता. आता तेच रेनर संस्थेत काम करीत होते. या ग्रंथात संस्थेस हजार पौंडांपर्यंत खोट येईल, तथापि ही असामान्य प्रतिभेची कृती आहे, असे त्यांनी परदेशी असलेल्या वडिलांना कळविले आणि वडिलांनी ती खोट सोसण्यास संमती दिली. लेखकाशी झालेला करारही त्याच धोरणाने केलेला होता : खर्च भरून निघेपर्यंत लेखकास काही द्यायचे नाही, त्यानंतर नफ्याची निमेनिम वाटणी. खोट येईल या भीतीने घातलेली ही अट पुढे लेखकाला नेहमीच्या मानधनापेक्षा कितीतरी अधिक लाभदायक ठरली.

खंडांची नावेही अशीच मागाहून, घाईने ठरली. पहिल्या खंडासाठी 'द रिटर्न ऑफ द शॅडो' हे एक नाव टॉल्किन यांनी १९५३ मध्ये सुचविले होते. ते मागे पडले. पुढे १९८८ मध्ये त्यांचे पुत्र ख्रिस्टोफर यांनी या कथेच्या आरंभीच्या मसुद्यांचा संपादित खंड काढला तेव्हा त्याला ते दिले. तिसऱ्या खंडाचे 'द रिटर्न ऑफ द किंग' हे नाव टॉल्किन यांना आवडले नव्हते, कारण त्यात कथेचा शेवट अगोदरच फुटतो. ही तक्रार रास्तच होती.

एकवीस शिलिंग किमतीचा हा पहिला खंड तीन-साडेतीन हजार प्रतींचा काढला गेला आणि दीड महिन्याच्या आतच त्याचे पुनर्मुद्रण करावे लागले. खंड जेथे संपतो तेथे कथा मुळीच संपत नाही. नऊ सहप्रवाशांचा जथा फुटलेला आहे, मार्गदर्शक गँडाल्फ मोरियाच्या भुयारात कोसळला आहे, आणि फ्रोडो एका सोबत्यासह नदी ओलांडून शत्रूच्या प्रदेशाकडे निघाला आहे. गँडाल्फ परत येतो हे आजच्या वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असते. १९५४ च्या वाचकाने मात्र साडेतीन महिने त्याला मृत मानले.

अशा अर्धवट वस्तूवर समीक्षकांना लिहावे लागले. परंतु सर्व समीक्षक सारख्याच अज्ञानात नव्हते, आणि ही गोष्ट त्या वेळच्या अभिप्रायांची तुलना करताना सहसा लक्षात घेतली जात नाही. सी. एस. लुईस यांनी ऑगस्ट १९५४ मध्ये 'टाइम अँड टाइड' या साप्ताहिकात अत्यंत उत्साहाने लिहिले. पण लुईस हे ऑक्सफर्डच्या 'इंक्लिंग्ज' या मित्रमंडळातले. त्यांनी हा ग्रंथ लिहिला जात असतानाच प्रकरणाप्रकरणाने ऐकला होता. त्यांचा अभिप्राय पहिल्या खंडावर छापला गेला असला तरी तो वास्तविक संपूर्ण ग्रंथावरचा आहे. उलट एडविन म्यूर यांनी 'ऑब्झर्व्हर' पत्रात लिहिले ते केवळ हाती असलेल्या खंडाच्या आधारे. त्यांनी कल्पनाशक्तीचे मोल मानले, परंतु पात्रचित्रणात मानवी गुणदोषांचा सूक्ष्म विवेक दिसत नाही असा आक्षेप घेतला. तिसऱ्या खंडानंतर तर प्रौढ वीरांचा वेष घेतलेली ही मुलेच होत, अशी टीका केली. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी ऑक्टोबर १९५४ अखेर 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अनुकूल परीक्षण केले. ते विद्यार्थिदशेत ऑक्सफर्डला असताना टॉल्किन यांच्या मुखातून 'बेओवुल्फ'चे पठण त्यांनी ऐकले होते आणि त्याचा संस्कार त्यांच्यावर कायम राहिला होता. एडमंड विल्सन यांनी एप्रिल १९५६ मध्ये 'द नेशन'मध्ये अत्यंत उपहासपूर्ण लेख लिहिला तेव्हा तिन्ही खंड त्यांच्यापुढे होते, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे अपुऱ्या वाचनामुळे प्रतिकूल मत झाले, असे सरसकट म्हणता येणार नाही. खंडाच्या वेष्टणावर लुईस, नेओमी मिचिसन आणि रिचर्ड ह्यूज यांचे अभिप्राय छापले होते आणि त्यांत आरिओस्तो, मॅलरी, स्पेन्सर अशी थोर नावे आली होती. नवख्या कथाकाराच्या ग्रंथावर एवढे मोठे जू ठेवण्यात शहाणपण नव्हते. अनेक परीक्षकांनी ग्रंथाशी वाद घालण्याऐवजी वेष्टणाशीच घातला.

वाङ्मयीन मतभेदांहून भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय असा एक प्रकार या खंडाच्या मुखपृष्ठामागील पानापासूनच सुरू होतो. शीर्षकपृष्ठाच्या वरच्या व खालच्या कडेस दोन अपरिचित लिप्यांत मजकूर छापलेला आहे. वरचा मजकूर 'किर्थ' नावाच्या कोरीव लिपीत, खालचा 'तेंग्वार' या वळणदार लिपीत. या दोन्ही ओळींची भाषा मात्र इंग्रजीच आहे. त्यांत हा ग्रंथ एका जुन्या 'रेड बुक'वरून अनुवादिलेला असून अनुवादकाचे नाव टॉल्किन, असे सांगितले आहे. आता या लिप्यांची किल्ली कोठे आहे? तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात. जुलै १९५४ च्या वाचकाच्या हाती कुलूप दिले गेले आणि चावी ऑक्टोबर १९५५ मध्ये मिळाली. ग्रंथ हा स्वतंत्र रचना नसून अनुवाद आहे, ही त्या ग्रंथाची पायाभूत कल्पना शीर्षकपृष्ठावरच नोंदलेली होती, परंतु ती कोणाला वाचता येणे शक्य नव्हते. अपरिचित नावांची अर्थासह सूची शेवटी देऊ, असे आश्वासन पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत होते. तिसऱ्या खंडात ती देता आली नाही म्हणून प्रकाशकांस दिलगिरी छापावी लागली. मोरियातील जीर्ण बखरीची जळकी, फाटकी पाने टॉल्किन यांनी हाताने तयार केली होती आणि ती रंगीत छापावीत अशी त्यांची इच्छा होती. खर्चामुळे तीही गाळली गेली. म्हणजे पहिल्या खंडाचा वाचक एका शिलालेख-ताम्रपटांच्या प्रदेशात शिरला होता, आणि ठसे व कोष्टके मात्र मागाहून यावयाची होती.

टॉल्किन हे व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ. १९१९-२० मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाच्या कार्यालयात काम केले, नंतर लीड्स येथे अध्यापन केले, १९२५ पासून ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे व १९४५ ते १९५९ इंग्रजी भाषा-वाङ्मयाचे प्राध्यापक होते. कथेसाठी आपण भाषा रचल्या नाहीत, भाषांना नांदण्यास जग हवे म्हणून कथा रचली, असे त्यांनी १९५५ मध्ये आपल्या अमेरिकन प्रकाशकांना कळविले होते. हा दावा पहिल्या खंडातील तीन स्थळांवरून तपासता येतो.

पहिले स्थळ तिसऱ्या प्रकरणातील. फ्रोडो रात्री रानात गिल्डोर नामक एल्फास भेटतो आणि 'क्वेन्या' या प्राचीन भाषेत अभिवादन करतो. क्वेन्याच्या घडणीवर फिनिश भाषेचा प्रभाव आहे, तर तिची भगिनीभाषा 'सिंडारिन' हिच्यावर वेल्शचा. या अभिवादनात 'आपल्या भेटीची' अशा अर्थाचा एक शब्द येतो. १९५४ च्या आवृत्तीत त्याचा अंत्य प्रत्यय '-ल्मो' असा होता. सुधारित आवृत्तीत तो '-ल्वो' केला गेला. प्रथमपुरुषी अनेकवचनाच्या प्रत्ययांची व्यवस्था टॉल्किन पुनःपुन्हा बदलत होते, आणि त्या व्यवस्थेत श्रोत्याला सामावून घेणारे व त्याला वगळणारे असे दोन प्रकार वेगळे होते. इंग्रजी वाचकाला या बदलाचा अर्थ टीपेशिवाय कळत नाही, कारण त्याच्या भाषेत दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. मराठी वाचकाला तो शिकवावा लागत नाही. 'आपण' आणि 'आम्ही' यांतील अंतर तो लहानपणापासून जाणतो. द्राविड भाषांच्या निकट सहवासातून हा भेद मराठीत आला असे सामान्यतः मानले जाते. रानात भेटलेल्या परक्याला 'आमची भेट' म्हणणे मराठीत विचित्रच वाटेल.

दुसरे स्थळ मोरियाच्या पश्चिमद्वाराचे. दारावर एल्फांच्या भाषेत लेख कोरलेला आहे. गँडाल्फ तो सहज वाचतो, भाषांतरही करतो, पण दार उघडत नाही. प्रत्येक भाषेतले मंत्र म्हणून पाहिले जातात. अखेरीस चूक उमगते ती वाक्यरचनेची : लेखातला 'मित्र' हा शब्द वाचणाऱ्याला उद्देशून केलेले संबोधन आहे असे धरले होते, तर तो उच्चारावयाचा शब्दच होता. द्वार उघडते ते 'मेल्लोन', म्हणजे मित्र, या शब्दाने. साऱ्या प्रसंगाचा डोलारा एका शब्दाच्या कारकसंबंधाविषयीच्या संदिग्धतेवर उभा आहे. वाङ्मयात शूर पुरुष दारे फोडून आत शिरतात. येथे पाठाचे पुनर्वाचन करून शिरतात, आणि हे भाषाशास्त्रज्ञाशिवाय कोणाला सुचले असते असे वाटत नाही. मराठी अनुवादकाची येथे मोठी पंचाईत होते, कारण मराठीत संबोधनाचे रूप निराळे आहे. 'मित्रा' लिहिले की एक अर्थ पक्का होतो, 'मित्र' लिहिले की दुसरा. संदिग्धता टिकवायची तर विकार न पावणारा दुसरा शब्द शोधला पाहिजे. 'स्नेही' चालण्यासारखा आहे.

तिसरे स्थळ मुद्रिकेवरील अग्निलेखाचे. त्या लेखाची भाषा कर्णकटू असावी असाच हेतू आहे. पण तिची रचनाही एल्फांच्या भाषांहून मुद्दाम वेगळी ठेवली आहे. एकाच शब्दात क्रियेचा धातू, हेत्वर्थक प्रत्यय, 'त्यांना' या अर्थाचा प्रत्यय आणि 'सर्वांना' या अर्थाचा प्रत्यय असे चार घटक एकापुढे एक चिकटविलेले आहेत. संश्लिष्ट रचनेची ही भाषा अधिपतीने सेवकांसाठी घडविलेली आहे असे कथेत सांगितले जाते. चिकट-प्रत्ययी रचनेचा दुष्टतेशी काही संबंध असतो असे मात्र येथून अनुमान काढू नये. क्वेन्याही प्रत्ययबहुलच आहे.

तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टांतून मग असे कळते की पहिल्या खंडात वाचलेले पुष्कळसे शब्द 'मूळ' नव्हतेच. कथेतील लोकांची सामान्य भाषा 'वेस्ट्रन'. तिच्या जागी इंग्रजी योजली आहे. तिच्याशी दूरचे नाते असलेली रोहनची भाषा जुन्या इंग्रजीने दाखविली आहे, डेलच्या लोकांची नावे जुन्या नॉर्सने. सॅमचे खरे नाव बानाझीर. मेरीचे खरे नाव काली. वेस्ट्रनमध्ये त्याचा अर्थ आनंदी, म्हणून इंग्रजीत मेरी. 'हॉबिट' हा शब्दही अनुवाद. मूळ शब्द 'कुदुक'. भाषाकुलांतील परस्परसंबंध अनुवादात तसेच राखण्याचा हा यत्न आहे आणि त्याला दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. त्याच परिशिष्टात असेही म्हटले आहे की वेस्ट्रनमध्ये मध्यमपुरुषी सर्वनामांची सलगीची व आदराची अशी दोन रूपे होती, पण हॉबिटांच्या बोलीतून आदराची रूपे जवळजवळ लोपली होती. केवळ काही खेडुतांत ती उरली, तीही लाडाने बोलताना. त्यामुळे पिप्पिन गोंडोरच्या राजसभेत प्रत्यक्ष अधिपतीशी सलगीच्या रूपाने बोलतो, आणि हा कोणी राजपुत्र असला पाहिजे असा समज पसरतो. इंग्रजीत हे दाखविता येत नाही म्हणून टीपेत सांगावे लागले. मराठीत तो भेद पहिल्याच प्रकरणापासून लिहावा लागेल. सॅम आपल्या धन्याला 'तुम्ही' म्हणणार की परिशिष्टास प्रमाण मानून 'तू'? आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या समाजात 'तू' हे रूप नेहमीच अनादराचे नसते. तरीही गडी धन्याला एकेरीत हाक मारतो हे मराठी कानाला सहजी पटणार नाही.

अनुवादाचा प्रश्न लेखकापुढे लवकरच प्रत्यक्ष उभा राहिला. मॅक्स शुखार्ट यांचे डच भाषांतर १९५६-५७ मध्ये निघाले, ओके ओल्मार्क्स यांचे स्वीडिश भाषांतर १९५९ ते १९६१ या काळात. डच भाषांतरात नावे बदलली जाणार हे कळताच टॉल्किन यांनी १९५६ मध्ये तीव्र विरोध दर्शविला. स्वीडिश भाषांतराबद्दल तर त्यांची नाराजी अखेरपर्यंत गेली नाही. पण त्यांच्याच सिद्धांतानुसार, इंग्रजी नावे जर मुळातच अनुवादित असतील तर डच वाचकासाठी ती डचमध्ये का येऊ नयेत? हा अंतर्विरोध त्यांनीच सोडविला. पुढे अनुवादकांसाठी त्यांनी नावांची एक टिप्पणी तयार केली आणि तीत सामान्य भाषेतली नावे अर्थानुसार भाषांतरित करावीत, एल्फांच्या व इतर भाषांतली तशीच ठेवावीत, असा नियम घातला. विरोधापासून नियमापर्यंतचा हा प्रवास दहा-बारा वर्षांचा आहे, आणि ही टिप्पणी १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापली गेली.

पाठभेदाचा आणखी एक प्रकार येथेच नोंदविला पाहिजे. 'द हॉबिट'च्या १९३७ च्या आवृत्तीत मुद्रिका बिल्बोला मिळण्याचा प्रसंग निराळा होता. तेथे गोलम ती पैजेचे बक्षीस म्हणून स्वखुशीने देऊ करतो. नव्या कथेत मुद्रिकेचे स्वरूप भयंकर ठरल्यावर ते जमेना. टॉल्किन यांनी ते प्रकरण पुन्हा लिहून प्रकाशकांकडे नमुना म्हणून धाडले आणि काहीशा अनपेक्षितपणे ते १९५१ च्या आवृत्तीत छापले गेले. आता दोन पाठ झाले. पहिल्या खंडाच्या उपोद्घातात त्यांनी यावर जो तोडगा काढला तो खास हस्तलिखितविद्येचा आहे : जुना पाठ म्हणजे मुद्रिकेवरचा आपला हक्क बळकट करण्यासाठी बिल्बोने सांगितलेली खोटी हकीकत, नवा पाठ म्हणजे सत्य. ज्ञानेश्वरीच्या किंवा महाभारताच्या पाठभेदांशी झुंजलेल्या अभ्यासकाला यात गंमत वाटेल. तेथे प्रक्षेप करणारा अज्ञात असतो. येथे तो कथेतलेच एक पात्र आहे आणि खोटे बोलणे हे त्या मुद्रिकेच्या प्रभावाचे पहिले लक्षण आहे.

एवढे असूनही १९५४ ची प्रस्तावना आज सामान्य वाचकाच्या हाती येत नाही. तीत टॉल्किन अनुवादक व संकलक यांच्या भूमिकेतून बोलत होते, आणि त्याच दमात आपल्या मुलांचा व इंक्लिंग्ज मित्रांचा उल्लेख करून या मित्रांच्या अंगी हॉबिटांचे रक्त असावे असा विनोदही करीत होते. १९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्स या संस्थेने, तेथील स्वामित्वहक्काच्या कायद्यातील फटीचा लाभ घेऊन, लेखकाच्या अनुमतीवाचून पंचाहत्तर सेंटांची स्वस्त आवृत्ती काढली. तिला उत्तर म्हणून बॅलंटाइनतर्फे अधिकृत सुधारित आवृत्ती काढणे भाग पडले. त्या निमित्ताने जुनी प्रस्तावना काढून टाकण्यात आली. खासगी गोष्टी आणि कथेची यंत्रणा यांची तीत गल्लत झाली होती, असे टॉल्किन यांचे मत झाले होते. नव्या प्रस्तावनेत ते उघडपणे ग्रंथकर्ते म्हणून बोलतात आणि कथेत दुसऱ्या महायुद्धाचे रूपक शोधणाऱ्यांचे खंडन करतात. हे खंडन आवश्यक होते यात शंका नाही. परंतु त्यामुळे झाले असे, की १९६५ नंतर पहिला खंड उघडणारा वाचक प्रथम रूपकाच्या वादात पडतो. अनुवादाच्या कल्पनेशी त्याची गाठ उपोद्घातात, आणि तीही ओझरती पडते. विद्यापीठीय तरुणांत या ग्रंथाची जी लाट आली ती नेमकी या कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्त्यांवर आली. या ग्रंथाच्या भाषिक अंगाचा गंभीर अभ्यास मागाहून सुरू झाला, त्याचे एक कारण हेही असू शकेल.

१९६८ मध्ये ॲलन अँड अन्विन यांनी प्रथमच संपूर्ण ग्रंथ एका कागदी बांधणीत काढला. परंतु त्यात ॲरागॉर्न-आर्वेन यांच्या आख्यानाखेरीज सारी परिशिष्टे गाळली होती, म्हणजे लिप्यांची किल्ली पुन्हा नाहीच. पुढच्या वर्षी 'इंडिया पेपर' या अतिशय पातळ कागदावर एकखंडी आवृत्ती निघाली. शीर्षकपृष्ठावरील दोन ओळी आणि त्या वाचण्याची कोष्टके वाचकाला अखेर एकाच बांधणीत मिळाली ती या आवृत्तीत, १९६९ साली.